चुन्याच्या रानातले पाच खडे

घरात माणसं किती, याचा पक्का आकडा आमच्याकडं वर्षातून एकदाच निघायचा. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, येरमाळ्याच्या चुन्याच्या रानात. रेशन कार्डावर आमचे आजोबा वारून आठ वर्षं झाली तरी जिवंत होते आणि धाकटा भाऊ शाळेत जायला लागला तरी अजून जन्मला नव्हता. त्या कार्डावर आईचा काडीचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास खड्यांवर. माणशी पाच खडे. वीस खडे म्हणजे चार माणसं: अण्णा, आई, मी आणि भाऊ.

ज्यांनी ही यात्रा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ आहे. आम्ही तिला येडाई म्हणतो. चैत्र पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी पालखी डोंगर उतरून आमराईतल्या देवळात मुक्कामाला जाते. वाटेत एक रान लागतं. त्यात चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. पालखी यायच्या आधी माणसं त्या रानात वाकून खडे वेचतात आणि पालखीच्या वाटेवर त्यांचा ढीग घालतात. देवीचं देऊळ याच चुन्यानं बांधलं, म्हणून ही सेवा चालत आली, असं जुनी माणसं सांगायची. खरं-खोटं येडाईला माहीत. नजर जाईल तिथवर माणसं कमरेत वाकलेली दिसत. साहेब असो की सालगडी, सगळ्यांची पाठ वर आणि तोंड खाली. मला ते फार आवडायचं, कारण एरवी आमच्या हेडमास्तरांना वाकलेलं कुणी बघितलं नव्हतं.

आम्ही कळंबचे. अण्णा मोंढ्यात मापाडी होते. धान्याची मापं घालायची आणि मोजायची, हे त्यांचं काम. मापाडी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. अण्णा सगळंच तसं मोजायचे. जिना चढताना पायऱ्या, आईनं थापलेल्या भाकरी, पाडव्याला आम्हा दोघा भावंडांत वाटायच्या साखरगाठीची पदकं. गाठीतलं मधलं मोठं पदक कुणाला द्यायचं यावरून आमची दरवर्षी जुंपायची, आणि अण्णा ते पदक अडकित्त्यानं बरोबर मधोमध फोडायचे. माझ्या अंगात मोजायची खोड आली ती त्यांच्याकडूनच. तोंडाचा तिखटपणा मात्र आईकडचा.

पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंतचे पंधरा दिवस आमच्या गल्लीत सणाचेच असायचे. पाडव्याला सकाळी कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ आणि हरभऱ्याची डाळ चावून तोंड कडू-गोड करायचं. दारावर गुढी, खाली आईनं चुन्यानं पोतारलेली भिंत. मग पौर्णिमा दोन दिवसांवर आली की बायका एकमेकींच्या घरी धपाटे थापायला जमायच्या. धपाटे चार दिवस टिकतात, म्हणून यात्रेची शिदोरी तीच. सोबत शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा आणि कांदे. कुणाच्या चटणीत मीठ जास्त झालं याची चर्चा पुढच्या पाडव्यापर्यंत पुरायची. त्या वासानं आजही माझं पोट खवळतं आणि जीव कासावीस होतो. दोन्ही एकदमच होतं, त्याला माझा इलाज नाही.

मोंढ्यातल्या एका आडत्याचा ट्रॅक्टर यात्रेला जायचा. ट्रॉलीत रिकाम्या पोत्यांचा बारदाना अंथरलेला, त्यावर अख्खी गल्ली. बारदान्याला ज्वारीचा, तुरीचा, कधी मिरचीचा वास. मिरचीचा असला की येरमाळ्यापर्यंत सगळी ट्रॉली शिंकत जायची आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, "बघा, येडाई आठवण काढायलीय." रस्त्याच्या कडेनं चालत निघालेली माणसं, डोक्यावर परडी घेतलेल्या देवीच्या आराधिणी, गळ्यात कवड्यांच्या माळा. कुणीतरी 'आई राजा उदो उदो' म्हटलं की ट्रॉलीतून आम्ही पोरं घसा बसेपर्यंत ओरडायचो.

रानात उतरलं की आधी खडे, मग बाकी सगळं, असा आईचा दंडक होता. पाळणा, बांगड्या, खव्याचे पेढे, काहीही नाही. कुठलाही पांढरा दगड उचलून चालायचं नाही, तो चुन्याचाच हवा. आई खडा नखानं खरवडायची. पांढरं पीठ निघालं तर घ्यायचा, नाही निघालं तर टाकायचा. मला त्याहून सोपी युक्ती सापडली होती. खडा जिभेला लावायचा. चुन्याचा असला तर तो हलकेच चिकटतो. सात-आठ वर्षांची असताना मी अशी भराभर खडे चाटत सुटले होते, तेवढ्यात आईनं मागून येऊन पाठीत धपाटा घातला. हा शिदोरीतला नव्हे.

"देवीला उष्टं घालती व्हय गं?"

"उष्टं कुठं? नुसतं बघायलेय, चुन्याचा हाय का."

"नख न्हाय तुला? टाक ते सगळे. नव्यानं वेच."

ते सगळे टाकून मी नव्यानं वेचले. अण्णा हसत होते. ते म्हणाले, "जिभंचा उपयोग आजून कशाकशाला करंल ही, काय नेम न्हाय." पुढं सासरी ते खरं ठरलं.

खडे वेचून झाले की आई बांधावर बसायची. पदर मांडीवर पसरायचा, आम्ही आणलेले खडे त्यात ओतायचे. अण्णा समोर उभे राहून मोठ्यानं मोजायचे: लाभ, दोन, तीन, चार, पाच. आई ते पाच एका बाजूला सारायची आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणायची. पुन्हा लाभ, दोन, तीन. हलग्या कडकडत असायच्या, माणसांचा गलका असायचा. तिचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कधी ऐकू आले नाहीत. ते आम्ही ऐकायचा प्रयत्नही केला नाही. पाच म्हणजे एक माणूस, हे ठाऊक होतं. कुणाचे कोणते हे विचारायचं काय कारण?

अण्णांचं मोजणं ऐकून ती दरवर्षी एकदा तरी म्हणायचीच, "देवीचे खडे हायत, मोंढ्यातली ज्वारी न्हाय. हळू मोजा की." अण्णा आणखी मोठ्यानं मोजायचे. मग आम्ही चौघं जाऊन खडे ढिगावर सोडायचो, पालखीवर हळद-कुंकू उधळायचो आणि चिंचेच्या सावलीत शिदोरी सोडायचो. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी फार वेळा झालेली नाही. त्या सुखाला कारण असं काही नव्हतं. आकडा पुरा भरला, वीसला वीस, एवढंच.

माझं लग्न झालं आणि मी उमरग्याकडं गेले. आमच्या जिल्ह्याचंच दुसरं टोक, पण मला तो परमुलुख वाटला. सासूबाई बोलता बोलता कानडीत शिरायच्या. नणंदेशी त्या कानडीत बोलायला लागल्या की समजायचं, विषय मी आहे. माणसं मायाळू होती, माझंच तोंड आड येत होतं. तिकडच्या देवाची जत्रा वेगळी, रथ वेगळा, नवस वेगळे. खडे कुणाला माहीत नव्हते.

लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रात मी माहेरी आले, आणि यात्रा बघायला म्हणून सासूबाईही बरोबर आल्या. आईची नुसती धांदल. विहीणबाईंना ट्रॉलीत पुढची जागा, त्यांच्याखाली सतरंजी, त्यांच्यासाठी वेगळे कमी तिखटाचे धपाटे. रानात मी पहिल्यासारखी वाकून खडे वेचले, हिरव्या चुड्यासकट. आईच्या पदरात ओतले. अण्णांनी मोजायला सुरुवात केली. लाभ ते पाच. लाभ ते पाच. लाभ ते पाच. आईनं पदर आवळला आणि उरलेले खडे बाजूला मातीत सोडून दिले.

मला वाटलं, चुकली. मी म्हणाले, "आई, पाच ऱ्हायले की. माझे."

"तुझे आता हितं नसत्यात," आई म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली. "लेक दिली, खडे दिले. सासरचे खडे सासरी."

सासूबाईंनी समाधानानं मान हलवली. व्याही शहाणे मिळाले असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अण्णा दुसरीकडं बघायला लागले. मातीत सोडलेले ते पाच खडे मला परत येईपर्यंत डोळ्यांपुढं दिसत होते. त्या दिवशी मी पेढा खाल्ला नाही. आईनं बांगड्या भरायला बोलावलं, तर म्हटलं, हात भरलेले आहेत.

हे दुःख मोठं होतं का? आज लिहितानाही मला धड सांगता येत नाही. पाच खडे ते काय! पण सासरच्या घरी खड्यांची पद्धत नाही आणि माहेरच्या पदरात माझे खडे नाहीत. म्हणजे त्या रानात एवढी दुनिया मोजली जाते, त्यात मी कुणाच्याच मोजणीत नाही. ना घरची ना घाटची. ही गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी मोडून बसली आणि मी ती काढलीही नाही. काही काटे आपण जपतो.

पुढच्या वर्षांत कधी मी यात्रेला जायची, कधी नाही. पोरांच्या परीक्षा, घरचं दुखणंखुपणं, शेतावरची गडबड. जायची नाही त्या वर्षी दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात भावाचा फोन यायचा. मी आधी एकच विचारायची, "किती झाले?" तो म्हणायचा, "पंधरा." मग त्याचं लग्न झालं. वीस झाले. पहिला मुलगा झाला, पंचवीस. मुलगी झाली, तीस. भाऊजय घरात पाऊल टाकून वर्ष झालं नाही तोवर तिचे पाच पडले, आणि मी एकोणीस वर्षं त्या घरात वाढलेली. भाऊजय बिचारी गुणी. तिचा राग करायला काही निमित्त सापडेना म्हणून मी आईचाच करत राहिले.

एका वर्षी शिमग्याच्या सुमारास मला टायफॉइड झाला. ताप उतरेना. आई कळंबहून आली आणि माझ्या उशाशी बसली. धुळवड गेली, पाडवा गेला. सासूबाईंनी गुढी उभारली, आईनं मला गाठीचं एक पदक पाण्यात विरघळवून पाजलं. ताप उतरायला लागला, पण उठून बसलं की भिंती फिरायच्या. पौर्णिमा तीन दिवसांवर आली तेव्हा तिनं पिशवी भरली.

"जाऊन येते. यात्रा झाली की लगीच परत येते."

"एवढी मी हितं पडलेय आन तुला यात्रा?"

"खडे टाकायचे हायत."

मला इतका संताप आला की अंगात तेवढी ताकद कुठून आली देव जाणे. म्हणाले, "जा. त्यांचे टाक. माझे कुणी टाकत न्हाय तिथं. तुझ्या देवीच्या लेखी म्या कवाच मेलेय."

आई पायांपाशी बसली होती. तिनं माझ्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, तळपाय थोडा वेळ दाबले आणि एसटी गाठायला निघून गेली. पाचव्या दिवशी परत आली तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून झोपले होते. जागी होते, पण वळले नाही. ताप पुढं आठवड्यात गेला. ते बोलणं मात्र आमच्यात तसंच राहिलं, तिनं काढलं नाही आणि मी माघार घेतली नाही.

अण्णा गेले त्याच्या पुढच्या चैत्रात मी मुद्दाम गेले. भावानं खडे मोजले. तो 'एक, दोन, तीन' असं मोजत होता. 'लाभ' म्हणणारं माणूस गेलं हे मला स्मशानात कळलं नव्हतं, ते त्या बांधावर कळलं. मी पदर तोंडात कोंबून रडले. पंचवीस खडे झाले. आईचे ओठ हलत होते. मी चार पावलं लांब होते, नेहमीसारखी.

यंदा पाडव्याला भावाचा फोन आला. आता दुकानात धावत जावं लागत नाही, फोन कमरेलाच असतो. तो म्हणाला, "आक्का, आईचे गुडघे पार गेलेत. डॉक्टर म्हणतेत, चालायचं न्हाय. पर ती म्हणती, औंदा खडे म्याच टाकणार. तू येतीस का? तुझ्याशिवाय ऐकंना झालीय."

"माझं तर तिनं कवाच ऐकलं न्हाय," मी म्हणाले. पण गेले. सासूबाई आता नाहीत, नवऱ्यानं कधी आडकाठी केली नाही, पोरं आपापल्या कामाला लागलीत, मला अडवणारं कुणी नाही. खरं सांगायचं तर या वर्षी जीवच राहवेना. आई ऐंशीच्या घरात आहे. अशा वयात माणसानं 'औंदा', म्हणजे यंदा, असं म्हटलं की ऐकणारा पिशवी भरायला लागतो.

भावाच्या गाडीतून गेलो. बारदाना नाही, शिंका नाहीत, काचा वर आणि गार वारा. आई पुढं बसली होती, मांडीवर धपाट्यांचा डबा. येरमाळ्याच्या अलीकडंच गाड्या अडवल्या होत्या. भावानं आईला रिक्षातून रानाच्या कडेपर्यंत आणलं, चिंचेखाली सतरंजी टाकून बसवलं आणि तो गाडी नीट लावायला परत गेला. भाऊजय परडी भरून आणायला दुकानांकडं गेली. भाचा पुण्याला, भाची कॉलेजच्या परीक्षेत. मी आणि आई, दोघीच उरलो. त्या रानात इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"पंचवीस आण," आई म्हणाली.

मी मनात मोजलं. भाऊ, भाऊजय, भाचा, भाची आणि आई. बरोबर पंचवीस. पन्नाशी उलटलेली बाई, नातवंडं झालेली, आणि पुन्हा तोच काटा सलला. म्हणाले, "आणते. परक्या घरची रोजंदारी करायची माझी सवयच हाय."

आई हसली. दात थोडेच राहिलेत, हसली की लहान पोरीसारखी दिसते.

ऊन चढलं होतं. रानात तेच ते दृश्य, पाठी वर आणि तोंडं खाली. आता मध्येच कुणीतरी वाकलेल्या अवस्थेतच फोनवर बोलत असतं, कुणी स्वतःचा फोटो काढत असतं. बाकी सगळं जिथल्या तिथं. कडुलिंबाच्या मोहोराचा तोच कडसर वास, लांबून तीच हलगी. एका बाईचं पोर खडा तोंडात घालत होतं आणि ती त्याच्या गालात बोट घालून तो काढत होती. मला हसू आलं. मी नखानं खरवडून खरवडून पंचवीस खडे जमवले आणि घेऊन आले.

आईनं पदर पसरला. आता मोजायला अण्णा नाहीत, भाऊ गाडीपाशी. मीच तिच्या पुढ्यात मांडी घालून बसले आणि मोजायला लागले. लाभ, दोन, तीन, चार, पाच. तोंडातून 'लाभ'च आलं. आईनं डोळे मिटले, पाच खडे बाजूला सारले आणि ओठ हलवले. मी इतकी जवळ होते की तिच्या श्वासाला धपाट्यातल्या ओव्याचा वास येत होता. पहिल्यांदाच शब्द ऐकू आले.

"हे माझ्या ल्योकाचे."

पुढचे पाच सुनेचे. पुढचे नातवाचे, त्याच्यापुढचे नातीचे. प्रत्येकाचं नाव घेऊन, येडाईला उद्देशून, शेजारणीला सांगावं तसं ती सांगत होती. शेवटचे पाच मी मोजून दिले. आईनं ते ओंजळीत घेतले, बाकीच्यांपेक्षा जरा जास्त वेळ धरले.

"आन हे माझ्या लेकीचे. लांब हाय ती. तिच्यावर ध्यान ठेव, माय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कुणाचे म्हणालीस?"

आईनं डोळे उघडले. मी इतकी जवळ बसलेय हे ती विसरली होती बहुतेक. चोरी पकडल्यासारखी ओशाळली.

"तुझे," ती म्हणाली. "दुसरी लेक हाय का मला?"

"कवापासनं?"

"तू गेलीस तवापासनं."

"आगं पर त्या वर्षी... पंधराच झालते. म्या मोजलेत. अण्णांचे, भावाचे आन..."

"आन तुझे."

"मग तुझे?"

"माझे कशाला?" आई म्हणाली. तिला हा प्रश्नच बावळट वाटला होता. "म्या हितं समोर बसलेली. देवीला म्या न मोजता दिसती की."

मी विचारलं, "अण्णांना ठावं होतं?"

"मापाड्याला आकडा भरला की बास. पोत्यात कुणाची ज्वारी हाय ते त्यानं कवा बघितलंय?"

"मग मला का न्हाय सांगितलंस? एवढी वर्सं म्या तुझ्यावर..."

"विहीणबाईंपुढं सांगू? लेक दिली तरी सोडवंना म्हणल्या असत्या. आन तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय. सासरी जाऊन फटकन बोलली असतीस, तुमी न्हाय टाकत, माझी आई टाकती. नांदायचं होतं तुला." तिनं खडे पदरात बांधायला घेतले. गाठ मारता मारता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तापात पडलीवतीस तवा तुला सोडून आले. कशाला आले आसंल म्या? त्या वर्षी तुझे टाकायचे न्हायत, तर मग कवा टाकायचे?"

उमरग्याच्या त्या खोलीतली भिंत मला दिसली, जिच्याकडं तोंड करून मी झोपले होते. आई एसटीनं एवढं लांब गेली, माझे पाच खडे टाकले आणि परत येऊन माझ्या पाठीशी बसली. आणि मी वळले नाही. आकडा मला दरवर्षी बरोबर कळत होता, माणसं तेवढी चुकली होती. मला रडायचं होतं, पण त्याआधी मला एक काम होतं. मी उठले.

"आता कुठं निघालीस? पालखी येईल."

"आलेच."

रान आतापर्यंत साफ झालं होतं. इतके हात फिरून गेल्यावर काय उरणार? मी ढेकळं उलटली, बांधाच्या कडेनं बोटं घातली. हलग्या जवळ येत होत्या. एक मिळाला, लाभ. दोन. तिसऱ्यासाठी एका बाईशी जवळजवळ भांडले. डोळ्यांत पाणी, त्यात ऊन, सगळेच दगड पांढरे दिसायला लागले. नखं झिजून बोथट झाली होती. चौथा हातात आला तो चुन्याचा आहे की नाही कळेना. इकडंतिकडं बघितलं, कुणी बघत नव्हतं, आणि जिभेला लावला. चिकटला. पाचवा कुठून मिळाला ते आठवत नाही.

पळत आले, म्हणजे माझ्या वयाला जेवढं पळता येतं तेवढं. पाचही खडे आईच्या हातात दिले.

"हे कुणाचे?"

"माझ्या आईचे."

आई हातातल्या खड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लेकीनं वेचलेले चालत न्हायत. सासरचे खडे सासरी."

"म्हणून तर म्या कुणाला सांगणार न्हाय."

तिनं एकेक खडा नखानं खरवडून बघितला. चौथ्यापाशी थांबली. तो उन्हाकडं धरला, अंगठा फिरवला.

"चाटलास व्हय गं ह्यो?"

मी मान खाली घातली. तिनं तो टाकून दिला नाही. पदराला पुसला आणि बाकीच्यांत ठेवला.

तेवढ्यात भाऊ आला, मागून भाऊजय परडी घेऊन. आम्ही दोघांनी आईला दोन्ही बाजूंनी धरून ढिगापर्यंत नेलं. लांबून पालखीची छत्री दिसत होती. भावानं सवयीनं आईच्या पदरातले खडे मोजून ढिगावर सोडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पंचवीसपाशी त्याचा हात थांबला. पदरात अजून होते. त्यानं तेही मोजले.

"आई, तीस झाले. पाच जास्ती हायत."

"आसू दे," आई म्हणाली. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. "औंदा ही होती वेचायला. हिला कवा मोजता आलंय?"